मालकाच्या धर्माची उलटतपासणी

आम्ही व्यवसायाने वकील आहोत. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून माणूस खरे सांगण्याची शपथ घेतो आणि पुढच्या पाच मिनिटांत बेधडक खोटे बोलू लागतो, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. शपथ कितीही मोठ्या आवाजात घेतली म्हणून साक्ष खरी ठरत नाही. ती खरी की खोटी, हे उलटतपासणीत ठरते. धर्माचेही नेमके असेच आहे. मी अमुक धर्माचा आहे, अमुक ग्रंथ मानतो, अमुक वारी प्रार्थनेला जातो, ही झाली शपथ. उरलेल्या सहा दिवसांत तो माणूस कसा वागतो, ही त्याची उलटतपासणी.

ख्रिस्ती धर्म हा प्रेमाचा आणि क्षमेचा धर्म म्हणून जगभर सांगितला जातो. तो मानणाऱ्यांचे रोजचे जगणे खरोखर त्या धर्मासारखे असते काय? या प्रश्नाचे उत्तर पाद्र्याला विचारून मिळणार नाही आणि धर्मग्रंथ उघडूनही मिळणार नाही. ते त्या ख्रिस्ती माणसाच्या घरात जो सर्वांत खाली आहे, ज्याच्यावर त्याची पूर्ण सत्ता चालते, त्याला विचारले पाहिजे. इतिहासाने असा एक साक्षीदार आपल्याला दिला आहे. तो अमेरिकेत ख्रिस्ती मालकांचा गुलाम होता, स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होता आणि त्याने मालकाच्या धर्माची अशी उलटतपासणी घेतली की त्या धर्माच्या वकिलांना आजतागायत नीट उत्तर देता आलेले नाही. त्या साक्षीदाराचे नाव फ्रेडरिक डग्लस.

गुलामाला जन्मतारीख नसते

फ्रेडरिकचा जन्म १८१८ साली अमेरिकेतील मेरिलँड राज्याच्या टॅल्बट परगण्यात झाला. जन्माची तारीख त्याला कधीच कळली नाही. गुरा-ढोरांप्रमाणे गुलामांची नोंद मालकाच्या वहीत असे. गुलामाने आपले वय विचारणे हा उद्धटपणा समजला जाई. पुढे त्याने स्वतःच १४ फेब्रुवारी हा आपला वाढदिवस ठरवला. आई हॅरिएट बेली. ती दूरच्या मळ्यावर राबे. दिवसभराचे काम आटोपून रात्री सुमारे बारा मैल चालत यायची, लेकराला कुशीत घेऊन निजवायची आणि पहाटे कामावर हजर होण्यासाठी परत निघून जायची. अशा मोजक्याच भेटी झाल्या. तो सात वर्षांचा असताना ती गेली. तिच्या अंत्यविधीलाही त्याला जाता आले नाही. बाप गोरा होता, एवढेच त्याने ऐकले. खुद्द मालकच बाप असल्याची कुजबुज होती. कायदा मात्र स्पष्ट होता: मूल आईच्या स्थितीचे. म्हणजे गोऱ्या मालकाने काळ्या स्त्रीवर जबरदस्ती करावी आणि त्यातून जन्मलेले मूल बाजारात विकावे, याला कायद्याची मुभा होती.

या व्यवस्थेतील बहुतेक सर्व मालक ख्रिस्ती होते. एके काळी गुलाममालकांना एक भीती वाटे. गुलामाने बाप्तिस्मा घेतला तर तो आपला धर्मबंधू होईल आणि मग त्याला गुलाम कसे ठेवता येईल? शेजारच्या व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १६६७ साली कायदा करून ही भीती दूर केली. बाप्तिस्म्याने गुलामाची स्थिती बदलत नाही, असे त्यात ठरवून टाकण्यात आले. वाचकांनी हा कायदा लक्षात ठेवावा. आत्म्याला मुक्ती आणि देहाला बेडी, ही वाटणी तेथे कायद्याच्या भाषेत लिहून ठेवली गेली. पुढील दोनशे वर्षांचा ढोंगीपणा त्या एका कलमावर उभा राहिला.

फ्रेडरिकच्या मालकांपैकी अनेक जण मेथडिस्ट पंथाचे होते, ही बाबही महत्त्वाची आहे. त्या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली गुलामगिरीचे कडवे विरोधक. त्यांनी १७७४ साली गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. अमेरिकेतील मेथडिस्टांनी १७८४ साली सभासदांनी आपले गुलाम मुक्त करावेत असा नियमही केला. पण दक्षिणेतील मळेवाले बिथरले आणि वर्षभराच्या आतच तो नियम गुंडाळून ठेवण्यात आला. म्हणजे चूक काय आहे हे चर्चला ठाऊक नव्हते, असे मुळीच नाही. ठाऊक होते. परंतु वर्गणीदार सभासद गमवायचे की तत्त्व गमवायचे, असा प्रश्न आला तेव्हा चर्चने तत्त्व गमावले.

गटारातील बायबलची पाने

आठव्या वर्षी फ्रेडरिकला बाल्टिमोर शहरात ह्यू ऑल्ड यांच्या घरी पाठवण्यात आले. तेथील मालकीणबाई सोफिया स्वभावाने दयाळू आणि धर्मशील होत्या. त्या बायबल वाचत. ते ऐकून पोराला वाचनाची ओढ लागली आणि बाईंनी त्याला मुळाक्षरे शिकवायला सुरुवात केली. नवऱ्याला हे समजताच त्याने ते ताबडतोब बंद पाडले. गुलाम शिकला की गुलाम म्हणून निकामी होतो, असे त्याने बायकोला बजावले. ते पोराने ऐकले आणि त्या दिवशी त्याला स्वातंत्र्याची वाट कळली. हळूहळू बाईही बदलल्या. त्याच्या हातात वर्तमानपत्र दिसले तरी त्या हिसकावून घेत. सत्ता हाती आली की चांगले माणूसही कसे बिघडते, हे त्या मुलाने अगदी जवळून पाहिले. धर्म बाईंना वाचवू शकला नाही.

पण तो शिकला. खिशात भाकरीचा तुकडा ठेवायचा, रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना द्यायचा आणि त्या मोबदल्यात अक्षरे शिकायची. बाराव्या वर्षाच्या सुमारास पन्नास सेंट जमवून त्याने भाषणांचे एक पुस्तक विकत घेतले. तेराव्या वर्षी त्याच्या मनाने ख्रिस्ती श्रद्धेचा आधार घेतला. चार्ल्स लॉसन नावाचा एक काळा वृद्ध त्याला गुरूसारखा भेटला. मालाची गाडी हाकता हाकता प्रार्थना करणारा हा म्हातारा जेमतेम वाचू शके. पोरगा त्याला अक्षरे वाचून दाखवी आणि म्हातारा त्याला अर्थ सांगे. बाल्टिमोरच्या गटारात पडलेली बायबलची फाटकी पाने फ्रेडरिकने उचलली, धुतली, वाळवली आणि वाचली. ज्या धर्माने आपल्याला बेड्या घातल्या त्याच धर्माचा ग्रंथ त्याने चिखलातून वेचून स्वतः वाचला. मालक जे वाचून दाखवतो तेवढेच त्यात लिहिलेले नाही, हे त्यामुळे त्याला कळले. गुलामांना वाचायला का शिकवू देत नसत, याचे उत्तर येथे आहे. ग्रंथ शोषिताच्या हाती गेला की मक्तेदाराची अडचण होते.

मालकाचे धर्मांतर

पुढे फ्रेडरिकला सेंट मायकेल्स या गावी त्याचा कायदेशीर मालक थॉमस ऑल्ड याच्याकडे परत यावे लागले. हा मालक गुलामांना पोटभर खायलाही देत नसे. कोठीत अन्न सडे आणि गुलाम शेजाऱ्यांकडून मागून किंवा चोरून खात. त्या कोठीची किल्ली जपणारी मालकीण आणि तिचा नवरा रोज सकाळी गुडघे टेकून आपल्या घरादाराला बरकत द्यावी म्हणून देवाची करुणा भाकत.

त्याच काळात रानात तंबू ठोकून मेथडिस्टांचा मोठा प्रार्थनामेळावा भरला. तेथे थॉमस ऑल्डचे हृदयपरिवर्तन झाले. फ्रेडरिक बारकाईने पाहत होता. त्याच्या मनात आशा होती. खरोखरच देव याच्या हृदयात आला असेल तर हा आपले गुलाम मुक्त करील. निदान पोटभर जेवण तरी देईल. यातले काहीच झाले नाही. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना सुरू झाली, घर पाद्र्यांच्या मुक्कामाचे ठिकाण झाले, पाद्र्यांना मेजवान्या झडू लागल्या आणि गुलामांची उपासमार तशीच चालू राहिली. उलट मालक अधिक क्रूर झाला. पूर्वी तो नुसताच दुष्ट होता, आता त्याच्या दुष्टपणाला धर्मग्रंथाचा दाखला मिळाला.

हेनी नावाची एक तरुण गुलाम स्त्री त्या घरात होती. लहानपणी विस्तवात पडून तिचे हात भाजले होते आणि ते कामाचे राहिले नव्हते. काम होत नाही म्हणून हा नवधार्मिक मालक तिला बांधून उघड्या पाठीवर चाबूक ओढी आणि मालकाची आज्ञा मोडणाऱ्या चाकराला फटके मिळतात अशा अर्थाचे वचन बायबलमधून म्हणून दाखवी. सकाळी न्याहारीपूर्वी फटके मारायचे, तिला तशीच बांधून ठेवून दुकानात जायचे आणि दुपारी जेवायला परत आल्यावर पुन्हा मारायचे. शेवटी ती डोईजड झाली तेव्हा त्याने तिला वाऱ्यावर सोडून दिले. तोच त्या देवमाणसाचा धर्म!

त्याच गावात एका गोऱ्या तरुणाने गुलामांना बायबल वाचता यावे म्हणून रविवारची शाळा काढली. फ्रेडरिक तेथे शिकवू लागला. थोड्याच दिवसांत काठ्या आणि दगड घेऊन जमाव आला आणि त्याने शाळा उधळून लावली. जमावाचे पुढारी कोण? मेथडिस्ट चर्चमध्ये भाविकांच्या गटांना धर्म शिकवणारे म्होरके. धर्म शिकवणाऱ्यांनीच धर्मग्रंथ शिकवणारी शाळा मोडली. कारण गुलामांनी रविवारी दारू प्यावी, कुस्त्या खेळाव्यात हे त्यांना चालत होते. विचार करावा हे चालत नव्हते.

प्रार्थना करणारा कोव्ही

पोरगा हाताबाहेर चालला म्हणून १ जानेवारी १८३४ रोजी त्याला वर्षभरासाठी एडवर्ड कोव्ही याच्या हवाली करण्यात आले. गुलामांचा कणा मोडून देणारा म्हणून कोव्हीची ख्याती होती. त्यासाठीच लोक त्याच्याकडे गुलाम पाठवत. हा कोव्हीदेखील चर्चचा मानकरी. रोज पहाटे व रात्री घरात प्रार्थना चाले. त्याला स्वतःला गाता येत नसे, म्हणून तो स्तोत्र सुरू करायला फ्रेडरिकला सांगे. दिवसा ज्याला चाबकाने फोडले त्यानेच रात्री देवाचे गाणे म्हणायचे! याच कोव्हीने कॅरोलाइन नावाची एक स्त्री केवळ पैदाशीसाठी विकत घेतली. तिच्यासोबत राहण्यासाठी एक विवाहित गुलाम भाड्याने आणला आणि तिला जुळे झाले तेव्हा संपत्ती वाढली म्हणून घरात आनंदीआनंद झाला. परस्त्रीगमन हे पाप आहे, असे त्याचाच धर्म सांगतो. पण येथे ते पाप राहिले नाही, तो शेतीपूरक धंदा झाला.

ऑगस्ट महिन्यात उन्हाच्या तडाख्याने फ्रेडरिक कामावर कोसळला. कोव्हीने त्याला लाथा घातल्या, डोक्यात फळी घालून रक्तबंबाळ केले. तसाच तो सात मैल चालत आपल्या धर्मशील मालकाकडे दाद मागायला गेला. मालकाने त्याला परत पाठवले; कारण वर्ष पूर्ण झाले नाही तर वर्षाची मजुरी बुडाली असती. रविवारी सकाळी तो परतला तेव्हा कोव्ही बायकोसह चर्चला निघाला होता. तो गोड बोलला. रविवार होता ना! सोमवारी पहाटे तोच कोव्ही दोरी घेऊन त्याच्या अंगावर आला. या वेळी सोळा वर्षांच्या फ्रेडरिकने त्याचा गळा धरला. सुमारे दोन तास झटापट चालली. त्यानंतर कोव्हीने उरलेल्या काळात त्याच्या अंगाला हात लावला नाही. त्या दिवशी आपण पुन्हा माणूस झालो, असे त्याने पुढे लिहिले. रविवार आणि सोमवार यांतील हे अंतर म्हणजेच आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर आहे.

पुढच्या वर्षी तो विल्यम फ्रीलँड या मालकाकडे गेला. फ्रीलँड धार्मिक असल्याचा आव आणत नसे. आणि फ्रेडरिकच्या अनुभवात हाच सर्वांत बरा मालक ठरला. त्याउलट त्याच परिसरातील दोन पाद्री गुलामांना फटकवण्यात कुप्रसिद्ध होते. त्यांपैकी एक तर गुलामाने चूक करण्यापूर्वीच दहशत राहावी म्हणून त्याला मारत असे. बाल्टिमोरच्या ह्यू ऑल्डचाही धर्माशी फारसा संबंध नव्हता, पण तो आपल्या प्रार्थना करणाऱ्या भावापेक्षा पुष्कळ माणुसकीने वागला. सर्व मालकांत धार्मिक मालक सर्वांत वाईट, असा निष्कर्ष फ्रेडरिकने काढला तो द्वेषापोटी नव्हे. एकामागून एक मालकांच्या हाताखाली राबून केलेली ती तुलना होती. कारणही उघड आहे. धर्म न मानणाऱ्या मालकाला कधीतरी आपल्या कृत्याची लाज वाटू शकते. धार्मिक मालकाच्या लाजेवर धर्म पांघरूण घालतो.

न्यायालय बंद, चर्चचे दार अर्धवट उघडे

आम्हा वकिलांना अस्वस्थ करणारा एक प्रसंग १८३६ च्या सुमारासचा आहे. फ्रेडरिक बाल्टिमोरच्या गोदीत जहाजाच्या फळ्यांमधील फटी बुजवण्याचे काम शिकत होता. चार गोऱ्या उमेदवारांनी त्याला विटा आणि दांड्यांनी मारले. त्याचा डोळा फुटता फुटता वाचला. पन्नासएक गोरे सुतार पाहत उभे होते. ह्यू ऑल्ड स्वतः त्याला घेऊन दंडाधिकाऱ्याकडे गेला. परंतु गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष कायद्याला मान्यच नव्हती आणि एकही गोरा साक्ष द्यायला पुढे येईना. रक्ताने माखलेला चेहरा हा पुरावा ठरला नाही. प्रकरण तेथेच संपले.

३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा पोशाख चढवून आणि दुसऱ्याचे कागदपत्र खिशात ठेवून तो आगगाडीत बसला आणि न्यूयॉर्कला निसटला. या पलायनासाठी अ‍ॅना मरी या स्वतंत्र कृष्णवर्णीय तरुणीने आपल्या कष्टाच्या बचतीतून पैसे दिले. लगेच दोघांचे लग्न झाले आणि ती न्यू बेडफर्ड येथे स्थायिक झाली. तेथे त्यांनी डग्लस हे आडनाव घेतले. त्याच १८३८ साली त्याच मेरिलँड राज्यात आणखी एक घटना घडली. जॉर्जटाउनचे महाविद्यालय चालवणाऱ्या जेसुइट धर्मगुरूंनी आपल्या मालकीचे २७२ स्त्री-पुरुष आणि मुले सुमारे १ लाख १५ हजार डॉलरना दूर लुइझियानातील मळेवाल्यांना विकली. त्या पैशांचा एक भाग महाविद्यालयाचे कर्ज फेडायला वापरला गेला. म्हणजे हा रोग केवळ मेथडिस्टांचा नव्हता. या विक्रीबद्दल जेसुइट संघाने आणि जॉर्जटाउन विद्यापीठाने २०१७ साली त्या गुलामांच्या वंशजांची जाहीर माफी मागितली, १७९ वर्षांनी!

न्यू बेडफर्ड उत्तरेत. तेथे गुलामगिरी नव्हती. डग्लस मोठ्या आशेने तेथील मेथडिस्ट चर्चमध्ये गेले. काळ्यांना वेगळे बसवले होते, तेही त्यांनी सोसले. मग प्रभुभोजनाचा विधी आला. आधी सर्व गोऱ्यांना भाकरी आणि द्राक्षारस देण्यात आला. ते उरकल्यावर पाद्र्याने कोपऱ्यातील काळ्यांना पुढे बोलावले आणि देव माणसामाणसांत भेद करीत नाही असेही सांगितले. डग्लस उठून बाहेर पडले, ते पुन्हा तेथे गेले नाहीत. पुढे ते कृष्णवर्णीयांनी स्वतः उभारलेल्या झायन मेथडिस्ट चर्चमध्ये दाखल झाले आणि तेथेच ते बोलायला शिकले. पाणवठ्यावर आपली पाळी शेवटची, हे ज्यांच्या आजोबांनी सोसले त्यांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही.

साक्ष नोंदवली गेली

१८४१ साली नॅन्टकेट बेटावरील सभेत डग्लस प्रथमच मोठ्या गोऱ्या श्रोतृवर्गासमोर बोलले आणि गुलामगिरीविरोधी चळवळीचे पूर्णवेळ वक्ते झाले. ते इतके उत्तम बोलत की हा माणूस कधी गुलाम होता हे लोकांना खरे वाटेना. तेव्हा १८४५ साली त्यांनी आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात मालकांची खरी नावे, गावे, चर्चमधील पदे, सारे काही दिले. आमच्या दृष्टीने ते नुसते आत्मचरित्र नाही, ते प्रतिज्ञापत्र आहे. ज्या न्यायालयाने त्यांची साक्ष नाकारली त्याच्याबाहेर, जगाच्या न्यायालयात त्यांनी ती दाखल केली. नावे दिल्यामुळे ते पकडले जाण्याचा धोका होता, तरी त्यांनी ती दिली. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी एक खुलासा जोडला. आपला विरोध ख्रिस्ताच्या शिकवणुकीला नसून गुलाममालकांच्या ख्रिस्ती धर्माला आहे आणि या दोन्हींत इतके अंतर आहे की एकाचा मित्र व्हायचे तर दुसऱ्याचा शत्रू व्हावेच लागते, असे त्यांनी त्यात स्पष्ट केले.

जिवाला धोका म्हणून ते जवळजवळ दोन वर्षे आयर्लंड, स्कॉटलंड आणि इंग्लंडमध्ये राहिले. स्कॉटलंडच्या फ्री चर्चने अमेरिकेतील गुलाममालकांकडून देणग्या घेतल्या होत्या. ते पैसे परत करा, अशी मोहीम डग्लस यांनी १८४६ साली गावोगाव चालवली. चर्चने पैसे परत केले नाहीत. परंतु इंग्लंडमधील काही ख्रिस्ती स्त्री-पुरुषांनी वर्गणी काढून १५० पौंड जमवले आणि ऑल्ड कुटुंबाकडून डग्लस यांची कायदेशीर मुक्ती विकत घेतली. हेही सांगितलेच पाहिजे. क्वेकर पंथीयांनी १७७६ सालीच फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत गुलाम बाळगणाऱ्याला सभासदत्व नाकारले होते, हेही सांगितले पाहिजे. सर्व ख्रिस्ती ढोंगी होते असा निकाल आम्ही देत नाही. डग्लस यांनीही तो दिला नाही. मग या दोहोंत फरक कोणता? आमच्या मते फरक एकच. एकांनी श्रद्धेपायी तोटा सोसला. दुसऱ्यांना श्रद्धा हवी होती, पण फुकट हवी होती.

अमेरिकेत परतल्यावर त्यांनी १८४७ साली रॉचेस्टरहून स्वतःचे वृत्तपत्र सुरू केले. ५ जुलै १८५२ रोजी तेथेच दिलेल्या गाजलेल्या भाषणात त्यांनी पळालेल्या गुलामांना पकडून देण्याचा १८५० चा कायदा आणि त्याबद्दल मौन पाळणारी चर्चे यांची सालटी काढली. गुलामगिरीच्या प्रश्नावरून मेथडिस्ट १८४४ साली आणि बाप्टिस्ट १८४५ साली दुभंगले. त्यातून जन्मलेल्या दक्षिणी बाप्टिस्ट संघटनेला आपल्या पूर्वजांची चूक ठरावाने कबूल करायला १९९५ साल उजाडले. अखेर यादवी युद्ध झाले. डग्लस यांचे दोन मुलगे लेविस आणि चार्ल्स काळ्यांच्या पलटणीत भरती झाले. १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. प्रार्थनेने जे झाले नाही ते चळवळीने, युद्धाने आणि संविधानाने झाले. मुक्तीचे श्रेय देवापेक्षा माणसांना दिले म्हणून पुढे डग्लस यांच्यावर काळे धर्मोपदेशकही रागावले. पण पाय हलवल्याशिवाय मुक्ती मिळत नाही, हे ते अनुभवाने शिकले होते.

मालकाच्या मृत्युशय्येपाशी

१८७७ साली डग्लस राजधानी वॉशिंग्टनचे मार्शल झाले. त्याच वर्षी ते सेंट मायकेल्सला गेले. थॉमस ऑल्ड अंथरुणाला खिळला होता, हात कापत होते. त्याने आपल्या जुन्या गुलामाला मार्शल म्हणून संबोधले. डग्लस यांनी त्याला आपल्याला पूर्वीसारखे फ्रेडरिकच म्हणावे असे सांगितले. दोघेही गहिवरले. ऑल्डने आपल्या आजीला म्हातारपणी रानात मरायला सोडले, असे डग्लस यांनी पूर्वी लिहिले होते. ते चुकीचे होते, हे त्यांनी त्याच्यासमोर मान्य केले. आम्हाला या भेटीत हीच गोष्ट मोलाची वाटते. खरा साक्षीदार विरोधकाविरुद्धही खोटे टिकू देत नाही. आयुष्यभर प्रार्थना करणाऱ्या मालकाने हेनीच्या फटक्यांचा हिशेब दिल्याचे मात्र कोठे दिसत नाही.

उलटतपासणी घ्यायची तर ती डग्लस यांचीही घेतली पाहिजे. स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून १८४८ च्या सेनेका फॉल्स परिषदेत ते ठामपणे उभे राहिले. परंतु ज्या अ‍ॅनाच्या पैशांवर ते मुक्त झाले, जिने रॉचेस्टरच्या घरी पळून आलेल्या गुलामांना रात्री-अपरात्री जेवू घातले, ती शेवटपर्यंत जवळजवळ निरक्षर राहिली. तिच्याविषयी त्यांच्या आत्मचरित्रांत मोजक्याच ओळी आहेत. त्यांची मुलगी रोझेटा हिने १९०० साली आईच्या आठवणी सांगितल्या, म्हणून निदान तिचे कष्ट जगाला कळले. अ‍ॅना १८८२ साली वारली. डग्लस स्वतः २० फेब्रुवारी १८९५ रोजी स्त्रियांच्याच एका सभेहून घरी परतल्यावर वारले. मोठ्या माणसाच्या घरातही तत्त्व उंबरठ्यावर अडू शकते, हे यावरून दिसते.

हा हिशेब आपल्यालाही लागू

हे सारे अमेरिकेतले. आपल्याला त्याचे काय? महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. म्हणजे ती लढाई आपली आहे हे जोतीरावांनी तेव्हाच ओळखले होते. बाबासाहेबांनीही भारतातील ख्रिस्ती धर्मांतरितांच्या स्थितीचा अभ्यास करून, धर्म बदलला तरी जात का सुटली नाही, असा रोखठोक प्रश्न विचारला. दक्षिणेतील काही गावांत दलित ख्रिश्चनांची दफनभूमी वेगळी असल्याचे वाद अलीकडेपर्यंत होत आले आहेत. व्हर्जिनियाचे १६६७ चे कलम कागदावरून गेले, मनातून गेलेले नाही.

परंतु केवळ दुसऱ्याच्या धर्माकडे बोट दाखवून हा लेख संपवला तर आम्हीही थॉमस ऑल्डच्याच रांगेत बसू. आम्ही बौद्ध आहोत. बावीस प्रतिज्ञा आमच्या भिंतीवर फ्रेम करून लावल्या आहेत. सकाळी वंदना होते. त्याच घरात मुलीच्या लग्नासाठी पोटजात विचारली जाते काय? घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईला वेगळा कप ठेवला जातो काय? समतेवर तासभर भाषण देऊन आलेला कार्यकर्ता सुनेला शिकू देतो काय? याची उत्तरे आम्ही देऊन उपयोग नाही. ती त्या सुनेला आणि त्या बाईला विचारली पाहिजेत. त्यांची साक्ष नोंदवली जात नाही तोवर आमची शपथ ही केवळ शपथच राहील.

थॉमस ऑल्डच्या घरात दररोज दोन वेळा प्रार्थना होत होती. इतिहासाने लक्षात ठेवले ते हेनीची पाठ. आपल्या घरातील हेनी कोण, हे प्रत्येकाने आज घरी गेल्यावर शोधावे.